भाड्याच्या घरांतील दिवा

घर भाड्याचें असो अथवा मालकीचें असो, संध्याकाळ दोन्ही घरांत सारखीच येते. दिवा गेला म्हणजे अंधारही दोन्हीकडे सारखाच पडतो. फरक एवढाच कीं, मालकीच्या घरांत दुसऱ्या दिवशीं नवा बल्ब येतो, आणि भाड्याच्या घरांत पुष्कळदां नवा वाद येतो. हा बल्ब कोणीं आणावयाचा? घर ज्याचें त्यानें, कीं उजेड ज्यास हवा त्यानें? शंभर रुपयांच्या आंतबाहेरची ही वस्तु; परंतु तिच्यापायीं मालक आणि भाडेकरू ह्यांचें वर्षानुवर्षांचें सख्य बिघडलेलें पुष्कळांनीं पाहिलें असेल.

शाळेच्या वार्षिक अंकांत अशा क्षुल्लक विषयास जागा कां द्यावी, असें एखाद्या वाचकाच्या मनांत येईल. त्याचें उत्तर माझ्या वर्गांतच मला मिळालें. कांहीं वर्षांपूर्वीं एका हुशार मुलाच्या वह्या एकाएकीं अपुऱ्या येऊं लागल्या. चौकशी करतां कळलें कीं, त्याच्या घरच्या एकुलत्या एक खोलींतील ट्यूब तीन आठवडे नुसती लुकलुकत होती. वडिलांनीं मालकास निरोप धाडला. मालकानें उलट निरोप धाडला कीं, ट्यूब बदलणें हें माझें काम नव्हे. वडील कष्टाळू व मानी गृहस्थ होते. आज ट्यूब आणली तर उद्यां सगळीच दुरुस्ती आपल्या गळ्यांत येईल, अशी त्यांस भीति होती. मालकही कांहीं दुष्ट मनुष्य नव्हता. दोघेही आपापल्या परीनें तत्त्वासाठीं भांडत होते. त्या तीन आठवड्यांत मालकाचें कांहींच गेलें नाहीं, वडिलांचे थोडे रुपये वांचले, आणि मुलाची चाचणी परीक्षा मात्र बुडाली. ज्या वादांत भांडणारे दोघे सुरक्षित राहतात व नुकसान तिसऱ्याचें होतें, तो वाद कितीही लहान असला तरी विचार करण्यासारखा आहे, असें मला वाटतें.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमांत, निराळा करार नसल्यास, भाडेकरूनें जागा ज्या स्थितींत ताब्यांत घेतली तशाच चांगल्या स्थितींत राखावी व परत करावी, असें सांगितलें आहे. योग्य वापरानें होणारी झीज मात्र त्यांतून वगळली आहे. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या १४ व्या कलमानें, विरुद्ध करार नसेल तर, जागा सुस्थितींत व राहण्यायोग्य राखण्याचें बंधन घरमालकावर घातलें आहे. मालकानें योग्य मुदतींत दुरुस्ती केली नाहीं तर भाडेकरूनें निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. तरीही काम न झाल्यास त्यानें तें स्वतः करून घ्यावें व खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होतां कामा नये. केंद्र सरकारनें २०२१ सालीं राज्यांपुढें ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यांत ही वांटणी अधिक स्पष्ट केली आहे. घरांतील व घराबाहेरील विजेच्या तारांचें काम मालकाकडे. बटणें, सॉकेटें व विजेच्या उपकरणांची दुरुस्ती आणि अदलाबदल भाडेकरूकडे. हा केवळ नमुना आहे. ज्या राज्यानें तो स्वीकारला नाहीं तेथें तो कोणावर बंधनकारक नाहीं. तथापि शहाण्या माणसांनीं वांटणी कशी करावी, हें त्यावरून दिसतें.

ह्या सर्वांतून मुलांनाही लक्षांत ठेवतां येईल असा एक सोपा नियम मी काढतों: जें भिंतींत आहे तें मालकाचें, जें हातानें फिरवून काढतां येतें तें राहणाऱ्याचें. तार, जोड, फ्यूजची पेटी हीं घराचीं अंगें आहेत. तीं मालकानें राखावीं. बल्ब व ट्यूब ह्या चुलींतील इंधनासारख्या आहेत. ज्याची भाकरी भाजावयाची त्यानें त्या आणाव्या. भाड्याच्या घरांत कोळसा किंवा गॅस मालकानें पुरवावा असें कोणी म्हणत नाहीं. मग जळून संपणाऱ्या दिव्याविषयींच तसें कां म्हणावें?

परंतु ह्या नियमास एक पोटनियम जोडला पाहिजे. एकाच जागीं तीन महिन्यांत तीन बल्ब गेले, तर दोष बल्बाचा नसून बहुधा भिंतींतील असतो. होल्डर सैल झालेला असतो, तारेचा जोड तापत असतो, किंवा विजेचा दाब एकसारखा राहत नसतो. अशा वेळीं चौथा बल्ब आणणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय. तेथें भाडेकरूनें निःसंकोचपणें मालकास बोलवावें, आणि मालकानेंही ‘बल्ब तुमचा’ असें म्हणून हात झटकूं नयेत. तापणारा जोड आज बल्ब खातो, उद्यां घरही खाईल.

आतां भाडेकरूच्या मुख्य आक्षेपाकडे वळूं. ‘दुसऱ्याच्या घरावर मी पैसा कां घालूं? अकरा महिन्यांनीं मला तेथून निघावयाचें आहे.’ हा आक्षेप वरवर पाहतां सयुक्तिक दिसतो. पण विजेचें बिल कोण भरतो, हें तो विसरतो. साध्या तारेच्या बल्बांत टंगस्टनची बारीक तार तापून पांढरी होते व उजेड देते. विजेचा फार मोठा भाग उष्णतेंत वायां जातो. असा ६० वॅटचा बल्ब रोज पांच तास लावला, तर तीस दिवसांत ९ युनिटें जळतात. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी बल्ब तितक्याच वेळांत दीड युनिटाहून कमी घेतो. एका युनिटास आठ रुपये धरले तर दरमहा सुमारें साठ रुपयांची बचत झाली. बल्बाची किंमत दोन महिन्यांत वसूल होऊन उरलेले नऊ महिने निव्वळ नफ्याचे! जुन्या ४० वॅटच्या ट्यूबचेंही असेंच आहे. तिचा चोक धरून ती सुमारें ५० वॅट घेते. २० वॅटची एलईडी पट्टी तें काम भागविते. वरच्याच हिशेबानें महिन्यास साडेचार युनिटें, म्हणजे छत्तीस रुपये वांचतात. पट्टीस अडीचशें रुपये पडले असें धरलें, तरी सात महिन्यांत ते परत येतात. म्हणजे अकरा महिन्यांच्या करारांतही चांगला दिवा लावणारा भाडेकरू तोट्यांत जात नाहीं. जुना दिवा तसाच जळत ठेवणारा मात्र जातो. मुलांनीं आपल्या घरचे दिवे मोजून व बिलावरील दर पाहून हें गणित स्वतः करून पाहावें.

शिवाय हा दिवा मालकाच्या घरांत कायमचा गाडला जातो असें थोडेंच आहे? वर सांगितलेल्या १०८ व्या कलमांतच भाडेकरूनें स्वतः बसविलेल्या वस्तु, जागा पूर्ववत् करून, ताबा सोडण्यापूर्वीं काढून नेण्याची मुभा आहे. तें तत्त्व येथें लावावें. जुना बल्ब अगर जुनी पट्टी कागदांत गुंडाळून माळ्यावर ठेवावी. जातांना ती पुन्हां लावावी व आपली काढून न्यावी. कोणीं आपला दिवा पुढच्या बिऱ्हाडासाठीं तसाच सोडला तर तो त्याचा मोठेपणा. पण न सोडणाऱ्यास कोणी नांवें ठेवूं नयेत.

दिवा किती टिकतो, ह्याविषयींही दोन शब्द लिहिणें जरूर आहे. तारेच्या बल्बाचें आयुष्य सुमारें एक हजार तासांचें. हा आंकडा केवळ निसर्गानें ठरविलेला नाहीं. १९२४ सालीं जगांतील मोठ्या बल्ब कारखानदारांनीं जिनिव्हा येथें एक संघ स्थापिला, आणि सभासदांनीं हजार तासांहून फार अधिक टिकणारे बल्ब करूं नयेत असें ठरवून मर्यादा मोडणाऱ्यांस दंड लाविला. रोज पांच तास धरले तर हजार तास म्हणजे दोनशें दिवस! आजच्या एलईडी दिव्यांच्या वेष्टनावर पंधरा हजार किंवा त्याहून अधिक तास लिहिलेले आढळतात. वेष्टनावरील अक्षरावर सगळाच विश्वास ठेवूं नये. परंतु निम्मे तास धरले तरी चार वर्षें होतात. ह्या दिव्याच्या मुळाशीं असलेला निळा प्रकाश निर्माण करण्याची युक्ति शोधल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघा शास्त्रज्ञांस २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि पुढच्याच वर्षीं, जानेवारी २०१५ मध्यें, भारत सरकारनें स्वस्त एलईडी बल्ब वांटण्याची ‘उजाला’ योजना सुरू केली. त्या योजनेंतून ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघरीं गेले. तेव्हां चांगला दिवा ही आतां श्रीमंतांचीच चैन राहिलेली नाहीं.

विकत घेतांना मात्र वॅटचा आंकडा पाहून थांबूं नये. वॅट हें विजेच्या खर्चाचें माप आहे. उजेडाचें माप ल्यूमेन. तें वेष्टनावर छापलेलें असतें. ज्या जागीं मूल अभ्यासास बसतें तेथें सर्वांत चांगला दिवा असावा, आणि तो पानावर हाताची सावली पडणार नाहीं अशा बाजूस असावा. पुष्कळ घरांत सर्वांत प्रखर दिवा दूरदर्शनसंचाच्या खोलींत असतो व सर्वांत मंद दिवा पुस्तकावर असतो. हें उलटें झालें पाहिजे. मंद व लुकलुकणाऱ्या उजेडांत डोळे शिणतात, मन लागत नाहीं, आणि मग आपण मुलास आळशी म्हणतों.

भाडेकरूस मीं बरेंच सुनावलें. आतां मालकाकडेही पाहूं. पुष्कळ मालकांची तक्रार असते कीं, भाडेकरू जातांना बल्बच काय, होल्डरसुद्धां काढून नेतात. ही तक्रार सर्वस्वीं खोटी नाहीं. पण त्यावर कित्येकांनीं काढलेला उपाय रोगापेक्षां वाईट आहे: घर देतांना ते चार भिंती व लोंबत्या तारा देतात, आणि घर परत घेतांना प्रत्येक दिव्याचा दाम अनामत रकमेंतून कापून घेतात. जें दिलेंच नाहीं तें परत मागणें हा व्यवहार नव्हे. घर देतांना प्रत्येक खोलींत एक जळता दिवा असावा, हें मालकाचें साधें सौजन्य आहे. नव्या बिऱ्हाडाची पहिली रात्र सामानाच्या ढिगांत मेणबत्ती शोधण्यांत जावी, हें कोणत्याच मालकास भूषणावह नाहीं.

दोन्ही पक्षांचें समाधान करणारा उपाय सोपा आहे. किल्ली हातीं घेण्यापूर्वीं मालक व भाडेकरू ह्यांनीं मिळून घरांतून एक फेरी मारावी, प्रत्येक दिवा लावून पाहावा, संख्या व प्रकार कागदावर लिहावे, हल्लींच्या सोयीप्रमाणें मोबाइलवर छायाचित्रें घ्यावीं, आणि त्या यादीवर दोघांनींही सही करावी. करारनाम्यांत ‘बल्ब, ट्यूब भाडेकरूनें बदलावी, तारा, होल्डर व जोड मालकानें राखावे’ एवढें एक वाक्य घालावें. लीव्ह अँड लायसन्सच्या कराराखालीं राहणाऱ्यांनीं तर ह्या वाक्याविषयीं विशेष दक्ष असावें. कारण त्यांच्या बाबतींत करारांत काय लिहिलें आहे, ह्यावरच पुष्कळ अवलंबून असतें. अर्ध्या तासाचें हें काम अकरा महिन्यांचा मनस्ताप वांचवितें.

इतका वेळ आपण दाराच्या आंतील दिव्याचा विचार केला. दाराबाहेर, जिन्यांत, जो दिवा असतो त्याची कथा अधिक करुण आहे. चार मजल्यांच्या एखाद्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावरील जिन्याचा दिवा जातो. तळमजल्यावरील मंडळी म्हणतात, आम्हांस जिना चढावयाचाच नाहीं. पहिल्या मजल्यावरील म्हणतात, आमच्यापर्यंत उजेड पोहोंचतो. चौथ्या मजल्यावरील म्हणतात, आमच्या मजल्याचा दिवा शाबूत आहे. दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यावरील एकमेकांच्या दाराकडे पाहतात, आणि सर्व मिळून मालकाकडे बोट दाखवितात. महिना लोटतो. ज्याच्या हातांत दुधाच्या पिशव्या असतात तो चांचपडत चढतो. शिकवणीहून परतणारी मुलगी दोन दोन पायऱ्या गाळून धांवते. आणि काठी टेंकीत उतरणारी आजी संध्याकाळीं बाहेर पडणेंच सोडून देते. ती कोणाकडे तक्रारही करीत नाहीं. तिचें जग एका बल्बाएवढें लहान झालें, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

ह्या बाबतींत कायदा अगदीं स्पष्ट आहे. १९९९ च्या कायद्याच्या २९ व्या कलमांत ज्या अत्यावश्यक सोयी मालकानें, योग्य कारणावांचून, तोडूं अगर अडवूं नयेत असें सांगितलें आहे, त्यांत पाणी व वीज ह्यांच्या जोडीनें वाटेवरील व जिन्यांतील दिव्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. १९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्यांतही ही तरतूद होती. जिन्यांतील उजेड हा चैनीचा विषय नसून पाण्याइतकाच गरजेचा आहे, हें कायदा करणाऱ्यांनीं ओळखलें होतें. भाडेकरूस त्यासाठीं न्यायालयाकडे दाद मागतां येते.

पण माझें मत ह्याहून थोडें पुढें जातें. हक्क मालकाकडे मागावा, हें खरें. परंतु हक्क मिळेपर्यंत अंधारांत बसावें, हें कोणत्या शहाणपणांत बसतें? नोटीस पोहोंचावयास पंधरा दिवस लागोत कीं महिना लागो. आजीस आज संध्याकाळीं खालीं उतरावयाचें आहे. जो प्रथम पाहील त्यानें दिवा लावावा, पावती जपून ठेवावी, आणि मग सर्व बिऱ्हाडांच्या सहीनें मालकास पत्र लिहावें. दिवा लावल्यानें हक्क बुडत नाहीं. उलट ज्यानें आपलें कर्तव्य केलें आहे त्याच्या मागणीस वजन येतें. कोणी म्हणेल, असें केल्यानें मालक सोकावेल. सोकावूं नये म्हणूनच पावती व पत्र! परंतु त्याला धडा शिकविण्यासाठीं शेजारणीचा पाय मोडूं देणें हें मला मान्य नाहीं.

बालमित्रांनो, कांहीं गोष्टी केवळ तुमच्यासाठीं. दिवा बदलण्याचें काम घरांतील मोठ्या माणसाच्या देखत करावें. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. जुन्या घरांत कधीं कधीं बटण चुकीच्या तारेवर बसविलेलें असतें, म्हणून मुख्य स्विच बंद करावा. हात व पाय कोरडे असावेत. उभें राहण्यास भक्कम लांकडी स्टूल घ्यावें, डगमगती खुर्ची घेऊं नये. जुना बल्ब निवूं द्यावा. आपल्याकडील दोन पिनांचा बल्ब किंचित् आंत दाबून डावीकडे फिरविला म्हणजे सुटतो. ट्यूब दोन्ही टोकांस धरून पाव फेरा फिरवावी. जुन्या ट्यूबच्या पट्टींत एलईडी नळी बसवावयाची असल्यास चोक व स्टार्टर ह्यांच्या जोडणींत फेरफार करावा लागतो. तें काम मालकास विचारून व वायरमनकडूनच करवावें. एलईडी बल्ब सर्व बाजूंनीं बंद असलेल्या कांचेच्या गोळ्यांत कोंडूं नये. तो तापून लवकर जातो.

जुनी ट्यूब कचऱ्याच्या डब्यांत फेंकूं नका, आणि कांठीसारखी फोडून खेळूं तर नकाच. तिच्यांत थोडा पारा असतो. पाऱ्याची वाफ, अदृश्य किरण व आंतील पांढरा लेप ह्यांच्या योगेंच ती उजेड देते. फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर जावें, मग तुकडे पुठ्ठ्यानें गोळा करून बंद डब्यांत ठेवावे. हातानें उचलूं नयेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांत अशा पाराधारी दिव्यांचा समावेश केलेला आहे. म्हणून त्या ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्याव्या. पाऱ्याविषयींच्या मिनामाता करारांतील राष्ट्रांनीं २०२३ सालीं असल्या लांब नळ्यांची निर्मिती व आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत बंद करण्याचें ठरविलें आहे. तेव्हां तुमच्या घरची जुनी ट्यूब आज ना उद्यां जाणारच आहे. ती जाईल तेव्हां भांडण न होतां जावी, एवढेंच पाहावयाचें.

पालकहो, मुलें आपल्या बोलण्यापेक्षां आपल्या वागण्यावरून अधिक शिकतात. ‘घर आपलें नाहीं, मग आपणांस काय करावयाचें?’ हें वाक्य जें मूल घरांत रोज ऐकतें, तें पुढें शाळेचें बाक, आगगाडीचा डबा, गांवची विहीर व देशाचा रस्ता ह्यांविषयींही तेंच म्हणूं लागतें. आणि जें मूल वडिलांस भाड्याच्या घरांत काळजीपूर्वक दिवा लावतांना, त्याची पावती नीट ठेवतांना, व आपल्या हक्काचें पत्र सभ्य शब्दांत लिहितांना पाहतें, तें कर्तव्य आणि हक्क हे दोन्ही धडे एकाच संध्याकाळीं शिकतें. घराचा मालक कोणीही असो. त्या घरांत जो काळ आपण घालवितों तो आपला स्वतःचा असतो. तो अंधारांत घालवूं नये, आणि शेजाऱ्यास घालवूं देऊं नये.